तीन प्रती, तीन गावं

नात्यातलं कुणीही भेटलं की हमखास विचारतं, "तू कंपनीत नक्की करतोस काय रे?" "बॅकअप सांभाळतो," म्हटलं की समोर प्रश्नचिन्ह. सगळं सुरळीत असताना ज्याची कुणालाच आठवण येत नाही, असं हे काम! तेव्हा मंडळी, आज जरा सविस्तर.

पहिला नियम सोपा आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. खरी गोम 'दुसऱ्या गावी' यात आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत खाक झालं. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. मूळही गेलं, प्रतही गेली. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो आठवला की कळतं, मुंबईचं दुसरं केंद्र ठाण्यात ठेवून का भागत नाही.

पण अंतराचीही किंमत असते. फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटर जाऊन यायला निदान १० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक व्यवहाराने तेवढं थांबायचं म्हटलं तर सगळंच रेंगाळतं. म्हणून लांबची प्रत बहुधा काही सेकंद किंवा मिनिटं मागून चालते. किती मागे राहिलेलं चालेल, हे आधीच ठरवावं लागतं.

आणखी एक गंमत. एकमेकांशी जुळवत राहणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे, एकमेकांची नक्कल ठेवणारे जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. वाचला तो एकच, घानामधला. का? तर तिथे वीज गेली होती म्हणून! तेव्हापासून लोडशेडिंगला शिव्या देताना मी जरा हात आखडता घेतो :)

आता घरचं. आई गेल्यावर तिच्या ओव्यांच्या कॅसेट मी डिजिटल करून घेतल्या. एक प्रत माझ्याकडे पुण्यात, एक ताईकडे नागपूरला, एक टोरांटोला दादाकडे. नियमात चोख बसतं. पण कधी उघडून न पाहिलेला बॅकअप आम्ही धंद्यात बॅकअप धरत नाही. ठरावीक दिवशी तो परत उतरवून, चालतो का ते बघतो.

ताई, दादा, हे तुमच्यासाठी. या रविवारी ती फाईल उघडा आणि शेवटपर्यंत ऐका. मध्येच ती खोकते, पाणी मागते, आणि मग हसून पुढची ओवी धरते. तेवढं नीट ऐकू आलं की मला फोन करा.