परतीची वाट

महामार्गालगतच्या एका गॅरेजात मिस्त्री मालमोटारीच्या टर्बोचार्जरला तेलाच्या नळ्या जोडीत होता. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 साली ह्या कल्पनेचे पेटंट घेतले. तेल आणणारी नळी बारीक, परत नेणारी मात्र रुंद! मी कारण विचारले.

"गुरुजी, येताना तेलामागे पंपाचा जोर असतो, परतताना ते केवळ स्वतःच्या भाराने उतरते. म्हणून नळीला उतार हवा, आणि तिचे तोंड तळच्या चेंबरातील तेलाच्या पातळीहून वर हवे. नाहीतर तेल तुंबते, सीलमधून गळते आणि गाडी निळा धूर ओकते."

मला आमची वसई आठवली. भरतीने खाडी चढली, की पावसाच्या पाण्याचीही वाट अशीच अडते. 2018 च्या जुलैतील अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळही पाण्याखाली गेले होते. मुलांनो, आणण्याची सोय सारेच पाहतात. परतीची वाट मोकळी राखतो, तोच खरा जाणता.