फसलेला मोर आमच्याकडे

आजी, मोठी काकू आणि आत्या या तिघींच्या हातून जेवढं देखणं काम झालं, त्यातलं आज आमच्या घरात जवळपास काहीच नाही. काही साताऱ्याला आहे, काही इचलकरंजीला, काही दादरच्या कुठल्याशा ब्लॉकमध्ये काचेमागे. सत्तरच्या दशकात सांगलीच्या वाड्यात वाढलेली आम्ही चुलत-आते भावंडं जमलो, की उजळणी सुरू होते. पिस्त्यांची कमळं कुणाच्या रुखवतात गेली? पिंपळपानावरचा गणपती कुणाला दिला? दर वेळी नवीन नाव निघतं.

कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवताचं बोलावणं काकूला. तिची तयारी मात्र बारा महिने चालू असे. लाल भोपळा चिरला की बिया धुऊन, सावलीत वाळवून बरणीत जात. त्यांची मोठी फुलं होत, काकडीच्या बियांची बारीक. सीताफळाच्या काळ्याभोर बिया पक्ष्यांच्या डोळ्यांसाठी राखीव. पिस्ते आमच्याकडे येणार कुठून? मग आळीत ज्यांच्याकडे येत, त्यांना दिवाळीआधीच निरोप जाई : टरफलं टाकू नका हो! पिंपळाची पानं बादलीत कुजत पडत. बादलीला असा वास सुटे, की आजोबा न्हाणीघरात जाताना नाकाला उपरणं लावत. हिरवा गर सुटला की मऊ ब्रशने तो अलगद काढायचा आणि उरलेली जाळी वर्तमानपत्राच्या घडीत वाळवायची. घासताना हात जरा जड पडला की पान फाटलंच. हे काम आम्हा पोरांना कधी मिळालं नाही.

भरतकाम आत्याचं. किर्लोस्करवाडीला 1930 साली सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक आणि दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चे दिवाळी अंक तिच्या ट्रंकेत असत. दलालांच्या मुखपृष्ठांवरच्या बायकांच्या अंगावरचे रंग ती तासन् तास बघे. नक्षी कापडावर उतरवायला कागदाला सुईने भोकं पाडून खाका करायचा, आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची. पण छापलेल्या फुलावर ती विसंबत नसे. जास्वंद भरायची असली की परसातून एक कळी, एक उमललेलं आणि एक मान टाकलेलं फूल आणायला लावी. “पुस्तकातलं फूल सगळ्यांचं सारखंच. आपल्या परसातलं भरायचं,” म्हणे. मग देठाला उलटी टीप, पानाला काश्मिरी टाका, मधल्या तुऱ्याला गाठीचे टाके. एकदा खंड्याच्या पाठीचा निळा काही केल्या जुळेना, तर अँकरच्या लड्या पिशवीत घालून ती आम्हाला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेली. पक्षी तारेवर बसला की आम्ही लड्या उंच धरायच्या. ती डोळे बारीक करून सांगे, “ही नको, ती धर.” शेवटी दोन निळ्यांचे धागे एकाच सुईत ओवून तिने तो रंग साधला.

आजीचा मोसम संक्रांतीचा. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, वरून चमचा-चमचा पाक आणि बोटांनी अखंड हलवणं. हवा कोरडी, गार हवी. आभाळ आलं की काटा रुसला. हलव्याला काटा फुटायला दिवसच्या दिवस लागत आणि आजीच्या बोटांची टोकं लाल होत. मग तन्मणी, बिंदी, बांगड्या, नव्या जावयासाठी हार आणि बोरन्हाणाच्या बाळाला बासरी-मुकुट. गल्लीतल्या कितीतरी नव्या सुना काळ्या साडीवर आजीचे दागिने घालून तिळगूळ द्यायला येत. पुढे ते दागिने मुंग्या तरी खात, नाहीतर आम्ही.

या सगळ्याचे पैसे कुणी घेतले नाहीत आणि कोपऱ्यात नावही घातलं नाही. देण्याचा एक कडक नियम मात्र काकूने घालून दिला होता : चांगलं जमलेलं बाहेर द्यायचं, फसलेलं घरात ठेवायचं. मायेपोटी एखादी सुबक वस्तू ठेवून घ्यावी म्हटलं, तर ती म्हणे, “आपल्याला काय, परत करता येईल!” त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं भोपळ्याच्या बियांचा एक मोर होता. त्याचा पिसारा एका बाजूला कललेला आणि एक डोळा कपाळावर. पाहुणे हसत. काकूही हसे आणि पाहुण्यांच्या हातात निघताना काहीतरी नीट जमलेलं देई.

आता रुखवताचे तयार संच विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. त्याला नाव ठेवायला आम्हाला तोंड नाही, आमच्या मुलींच्या लग्नात आम्हीही तेच आणले. फक्त वाड्याची वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी, पितळी समया, पाट सगळं गोडीगुलाबीने वाटलं गेलं. वाद झाला तो मोरावरून. शेवटी ठरलं, की तो वर्षभर एकेकाकडे राहील. यंदा तो माझ्याकडे आहे, आणि पुण्याची आतेबहीण पाळी जवळ आल्याची आठवण आत्तापासूनच करून देते आहे.