घरचे दाखले

आमच्या घरात ‘दाखला’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक शाळेचा दाखला. तो पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. दुसरा शास्त्रातला दाखला. प्रभू येशूनं लोकांना ज्या गोष्टी सांगितल्या त्यांना मराठी शास्त्रात दाखले म्हणतात. शास्त्र म्हणजे बायबल. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं घरात बोलताना शास्त्रच म्हणतो.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली तो हाच तालुका. मिशनचं वडाळाही याच तालुक्यात. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि पुढं हळूहळू खेड्यापाड्यांत आलं. आमच्या घरात शास्त्र आलं ते पणजोबांच्या वेळी. चर्च चार मैलांवर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. त्यामुळं लेकरांना विश्वास शिकवायचा तो घरीच.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो, आईला बाई. दादा चौथी शिकलेले, बाईला अक्षरओळख नाही. संध्याकाळी भाकरी खाऊन झाली की कंदील मधे ठेवायचा. दादा रेव्हरंड टिळकांचा एखादा अभंग म्हणायचे, थोरला भाऊ टाळ धरायचा. नारायण वामन टिळक नगरलाच बरीच वर्षं राहिले आणि आमच्या लोकांना आमच्याच चालीत गायला देऊन गेले. अभंग झाला की दादा एक अध्याय वाचायचे. मग प्रार्थना. वाचलेल्याचा अर्थ मात्र त्या वेळी सांगायचे नाहीत. अर्थ दुसऱ्या दिवशी रानात.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की या गोष्टी लेकरांना शिकवा. घरी बसला असाल तेव्हा, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना. दादा म्हणायचे, “बघ, यात बाकड्यावर बसून असं कुठं लिहिलंय का? वाटेनं चालताना लिहिलंय.” बाईला मात्र पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र आवडायचं. त्यात पौल म्हणतो की तुझा विश्वास आधी तुझ्या आजीत होता, तुझ्या आईत होता. आजीचं नाव लोईस, आईचं युनीके. बाईला ती नावं नीट उच्चारता यायची नाहीत, पण ती म्हणायची, “एवढा मोठा पौल, त्यालासुद्धा म्हातारीचं नाव लिहावंसं वाटलं.”

पेरणाऱ्याचा दाखला मी असाच शिकलो. मी विचारलं होतं, “तो माणूस वाटेवर बी कशाला टाकतो? चाड्यावर मूठ धरली की बी वाटेवर कसं पडेल?” दादा म्हणाले, तिकडं तेव्हा हातानं फोकून पेरायचे, आपण मेथी-धने टाकतो तसं. मग त्यांनी मला कामाला लावलं. “त्या दाखल्यातल्या चारी जमिनी आपल्या रानात आहेत. संध्याकाळपर्यंत शोधून ठेव.” गाडीवाट लगेच सापडली. टेकाडाकडची मुरमाड पट्टी सापडली. तिथं बाजरी सगळ्यांच्या आधी वर यायची, आम्हाला कौतुक वाटायचं, आणि चार दिवस ऊन पडलं की सगळ्यांच्या आधी माना टाकायची. बांधाकडं हरळी आणि काटेरी झुडपं होती. विहिरीजवळ काळी जमीन. दादांनी विचारलं, “आता सांग, मुरमाड जमिनीचं काय चुकतं?” मी म्हणालो, “खाली माती नाही.” “मग घाई करणारं पीक बघून हरखायचं नाही,” ते म्हणाले, आणि तेवढ्यावर सोडलं. मला वाटतं त्या एका संध्याकाळी मला शेतीही कळली आणि शास्त्रही.

यहोशवाच्या पुस्तकात एक गोष्ट आहे. लोक यार्देन नदी ओलांडतात तेव्हा नदीच्या पात्रातले बारा धोंडे उचलून आणतात आणि काठावर मांडतात. कशासाठी? तर पुढं लेकरं विचारतील की हे धोंडे कसले, तेव्हा त्यांना सांगता यावं. लेकरानं विचारल्यावर सांगायचं, हे दादांनी तिथून उचललं असावं. ते धोंडे मांडून ठेवायचे आणि वाट बघायचे.

आमच्या घरातला सगळ्यात मोठा धोंडा म्हणजे सरवा. बाजरीची सोंगणी असो की गव्हाची, दादा रानाचा एक कोपरा सोंगू द्यायचे नाहीत. कणसं गळाली तर उचलू द्यायचे नाहीत. पेंढी मागं राहिली तर परत आणायला जाऊ द्यायचे नाहीत. चार एकरांचा धनी, घरात खाणारी सात तोंडं, आणि हे काय? आम्ही विचारलं. तेव्हा लेवीय आणि अनुवादातला नियम सांगितला. पीक कापताना कडेपर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका, विसरलेली पेंढी आणायला मागं फिरू नका. ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं. मग रूथची गोष्ट. परमुलखातली तरणी विधवा सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि बवाजाच्या शेतात मजुरांच्या मागं सरवा वेचते. बवाज मजुरांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसं पडू द्या आणि तिला रागावू नका.

गोष्ट संपल्यावर दादांनी आणखी एक सांगितलं. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गावच्या रानातून सरवा वेचायची. एका बांधावरून तिला हाकलून दिलं होतं आणि ओट्यातलं सगळं खाली ओतायला लावलं होतं. दादा तेव्हा तिचा पदर धरून उभे होते. “म्हणून कोपरा सोडायचा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आमच्या रानात सरवा वेचायला बाया यायच्या, त्यात सगळ्या जातींच्या असायच्या, आणि त्यांना पाणी पाजायचं काम आम्हा पोरांकडं असायचं. दया करा असं आम्हाला कुणी शिकवलं नाही. तांब्या हातात दिला.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी बारा वर्षांचा होतो. बाजरी कणसात आलीच नाही. विहिरीचा तळ दिसला. दादा आणि बाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. खायला अमेरिकेचा तांबडा मिलो, पोरांना सुकडी. त्या दिवसांत दादा एलीयाची गोष्ट पुनःपुन्हा वाचायचे. देशात पाऊस नाही. एलीया कर्मेल डोंगरावर गुडघ्यात डोकं घालून प्रार्थना करतो आणि चाकराला म्हणतो, जा, समुद्राकडं बघून ये. चाकर सहा वेळा जातो, काही दिसत नाही. सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसतो. आम्ही पोरं टेकाडावर चढून ढग बघायचो. सात वेळा मोजून चढायचो. ढग दिसायचा नाही. आठव्यांदा चढायचं का, हा आमच्यात वादाचा विषय होता.

त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. तीन वर्षांचा होता. हगवण-ओकारी लागली, दोन दिवसांत आटोपलं. कबरस्तानात दादांनी स्वतः खड्डा खणला.

घरात आठ दिवस वाचन झालं नाही. नवव्या दिवशी दादांनी कंदील मधे ठेवला आणि ईयोबाचा शेवटचा अध्याय काढला. ईयोबाचं सगळं गेलेलं असतं, गुरंढोरं, मुलं, अंगाचं धड कातडंसुद्धा. शेवटी देव त्याला आधीच्या दुप्पट देतो. दादा वाचत होते. चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट, एक हजार बैलजोड्या, एक हजार गाढवी. मग सात मुलगे आणि तीन मुली.

बाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “थांबा. आधी किती लेकरं होती?”

दादांनी पानं मागं उलटली. पहिल्या अध्यायात पण सात मुलगे आणि तीन मुलीच.

“म्हणजे गुरं दुप्पट झाली,” बाई म्हणाली. “लेकरं दुप्पट नाही झाली. गेलेलं लेकरू गेलेलंच.”

दादांनी पुस्तक मिटलं. त्या रात्री त्यांनी काहीच समजावलं नाही. पण प्रार्थना झाली, आणि ती बाईनं केली. देवा, माझं लेकरू सांभाळ, एवढीच. पुढच्या साली पाऊस झाला, पण ‘बघा, देवानं ऐकलं’ असं आमच्या घरात कुणी म्हणालं नाही. उपकार मात्र मानले. या दोन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात हे मी त्या साली बघितलं.

पुढं मी माझ्या पोरांना शिकवू लागलो तेव्हा याचा उपयोग झाला. पोरांना जिंकण्याच्या गोष्टी आवडतात. दाविदानं गोफणीनं गल्याथाला पाडलं, दानीएलाला सिंहांनी खाल्लं नाही. त्या सांगाव्यातच. आमच्या पोरांनी तर पाखरं राखायची गोफण घेऊन अख्खा हंगाम दाविद होऊन काढला. पण तेवढ्याच सांगितल्या तर लेकराला वाटतं, विश्वास म्हणजे बाजारातला सौदा. प्रार्थना दिली की पाऊस मिळाला पाहिजे. म्हणून मी तीन तरुणांची गोष्ट नीट सांगायचो. राजा त्यांना आगीच्या भट्टीत टाकायला निघतो, तेव्हा ते म्हणतात की आमचा देव आम्हाला वाचवू शकतो. पण नाही वाचवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. भट्टीतून ते वाचतात हे खरं. पण हे बोलले तेव्हा त्यांना ते माहीत नव्हतं. लेकराला तो मधला भाग सांगायला विसरू नये.

२०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली. मराठवाडा, विदर्भ आणि आमच्या नगर जिल्ह्यातही. गहू सोंगणीला आलेला, तो सगळा जमिनीला टेकला. कांद्याची पात गारांनी चेचली. माझी नात तेव्हा दुसरीत होती. ती बांधावर उभी राहून म्हणाली, “आजोबा, आपण रोज जेवताना देवाचे उपकार मानतो. मग गारा आपल्यावर कशा पडल्या?”

मी तिचा हात धरून शेजारच्या अण्णांच्या बांधावर नेलं. अण्णा माळकरी, दर साल वारीला जाणारे. त्यांचाही गहू तसाच झोपलेला. मी तिला डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगितलं, की देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊसही सारखाच पाडतो. ती म्हणाली, “आणि गारा?” मी म्हणालो, “गाराही.” तिचं समाधान झालं नाही. होऊ नये असंही मला वाटतं. सातव्या वर्षी मिटलेला प्रश्न पुढं कामाला येत नाही.

त्याच आठवड्यात घरी एक उपदेशक आले. प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, विश्वास धरा, ईयोबासारखं दुप्पट मिळेल. ते गेल्यावर नातीनं लगेच विचारलं, “दुप्पट कधी मिळणार?” बाई तेव्हा पंचाहत्तरीची होती. खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिनं नातीला जवळ घेतलं आणि म्हणाली, “दुप्पट-बिप्पट सोड. तुला ईयोबाचे दोस्त माहीत आहेत का? त्याचं सगळं गेलं तेव्हा ते लांबून आले, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ भुईवर नुसते बसले. कुणी एक शब्द बोललं नाही. पुढं तोंड उघडलं आणि मग बिघडलं. पण ते सात दिवस चांगले होते.”

संध्याकाळी अण्णा आले. ओट्यावर टेकले. माझ्याकडं बोलायला काही नव्हतं, त्यांच्याकडंही नव्हतं. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. नात दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती. मग आत जाऊन तिनं अण्णांसाठी पाण्याचा तांब्या आणला.

बाईला जाऊन आता काही वर्षं झाली. नात पुण्याला शिकते. घरात धाकटी नातवंडं आहेत. कंदिलाच्या जागी बल्ब आहे आणि त्यांच्या हातात मोबाईल. त्यावर शास्त्रातल्या गोष्टींची रंगीत चित्रं हलतात-बोलतात. मी बंद करत नाही. गोष्ट कळते त्यातून. पण चित्रातला दाविद कधी त्यांच्याकडून तांब्या भरून घेत नाही, ते काम घरच्याच माणसाला करावं लागतं.

गव्हाला आता हार्वेस्टर येतो. तास-दीड तासात रान मोकळं करतो. सरवा वेचायला कुणी येत नाही, आणि हार्वेस्टरवाला कोपरा सोडायला सांगितलं की हसतो. म्हणून मी दुसरं केलंय. पोती भरली की पहिली पायली नातवंडांनी मोजायची आणि गावात एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडं स्वतः नेऊन द्यायची. कशासाठी, ते मी अजून सांगितलेलं नाही. थोरल्यानं या साली विचारलं नाही. धाकटीनं पायली डोक्यावर घेतली आणि निम्म्या वाटेत थांबून विचारलं, “ही पायली आपण का देतो?” मग चालता चालता मी तिला रूथची गोष्ट सांगायला सुरुवात केली.