भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

आठवडाभर हापिसात कोड बडवला की वीकांताला हाताला काहीतरी खरंखुरं लागावंसं वाटतं. म्हणून तीनेक वर्षांपूर्वी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सुतारकाम सुरू केलं. आधी एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या. मग बोनस झाला आणि सर्क्युलर सॉ, ऑर्बिटल सँडर वगैरे मंडळी दाखल झाली. एक बुकशेल्फ, दोन स्टुलं आणि एक किंचित डुगडुगणारा टीपॉय ही आजवरची कमाई. (टीपॉय फरशीमुळे डुगडुगतो, असं माझं अधिकृत मत आहे.)

तर झालं असं, की गेल्या हिवाळ्यात बाबांचा खोकला वाढला. दमा जुनाच, पंप कायम खिशात. पण या वेळी खोकला रविवारी रात्री चढायचा आणि बुधवारपर्यंत उतरायचा. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही बांधकाम वगैरे चाललंय का?" बाबा म्हणाले, "छे, काही नाही." मी शेजारीच बसलो होतो. बाबांची खोली शेडच्या बरोब्बर वर आहे आणि मी मोठ्या हौसेने लावलेला एक्झॉस्ट फॅन त्यांच्याच खिडकीखाली हवा फेकतो!

येताना म्हटलं, "बाबा, सांगायचं ना मला." तर म्हणाले, "अरे, आठवड्यातून एकदा तर वेळ मिळतो तुला."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री वाचायला बसलो. जमिनीवर पडतो तो भुसा निरुपद्रवी. झाडून घेतला की संपला. त्रास देते ती १० मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा. ती डोळ्यांना दिसत नाही, तासन् तास तरंगते आणि नाकातल्या केसांना चुकवून आत उतरते. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने तर लाकडाची धूळ १९९५ सालीच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलीय. ते मुख्यतः वर्षानुवर्षं याच धंद्यात असलेल्यांच्या बाबतीत खरं, पण दमेकऱ्याला त्रास व्हायला तेवढी वर्षं लागत नाहीत.

पीएम २.५ मोजणारा एक छोटा मीटर मागवला. असले स्वस्त मीटर अचूक नसतात, पण आधी-नंतरची तुलना करायला पुरतात. शेडमध्ये एरवी ४०. दोन मिनिटं सँडर चालवला, आकडा ८०० च्या वर! दुसऱ्या दिवशी नुसता झाडू मारला तर परत ३००. म्हणजे मी ज्याला साफसफाई म्हणत होतो, ती बसलेली धूळ पुन्हा उडवायची कवायत होती.

एक्झॉस्ट फॅन त्याच दिवशी बंद केला आणि व्हॅक्युम क्लीनर थेट सँडरला जोडला. दहा मिनिटांत फिल्टर चोंदला, ओढ गेली, आणि बारीक धूळ मागच्या बाजूने मजेत बाहेर. मग प्लास्टिकचा सायक्लोन आणला. शंकूच्या आकाराचा असतो. हवा आत गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि हवा पुढे जाते. बादली म्हणून रंगाचा रिकामा डबा घेतला. पाइप एकदा तुंबला आणि आतल्या ओढीने डबा कोल्ड्रिंकच्या कॅनसारखा चेपला. आवाज असा झाला की आई पोळी तव्यावर टाकून धावत आली. आता जाड ड्रम आहे. झाकणाच्या फटी एम-सीलने बुजवल्यात, कारण खालून हवा गळली की पडलेला भुसा पुन्हा वर ओढला जातो. सायक्लोनला चकवून जाणाऱ्या बारीक धुळीसाठी व्हॅक्युममध्ये हेपा फिल्टर टाकला.

एवढं करूनही आकडा २५० च्या खाली येईना. दोन शनिवार पाइप तपासण्यात घालवले. शेवटी सँडर उलटा केला, तर काय! त्याच्या तळव्याला आठ भोकं आणि मी लावलेल्या पॉलिश पेपरचीही आठ, पण पेपर वाकडा चिकटवलेला, त्यामुळे निम्म्याहून जास्त भोकं झाकलेली. धूळ ओढली जाणार कुठून? पेपर फिरवून नीट लावला. आकडा ९०. खर्च शून्य रुपये. हजारोंचा सायक्लोन आणण्याआधी हे बघितलं असतं तर... असो.

सर्क्युलर सॉचं गणित अजून जमलेलं नाही. त्याची धूळ पात्याच्या वरून आणि खालून दोन्हीकडे उडते, आणि व्हॅक्युमच्या अरुंद पाइपातून तेवढी हवा खेचली जात नाही. म्हणून मोठी कटाई आता अंगणात, वारा बघून, एन-९५ मास्क लावून. मशीन थांबल्यावरही मास्क लगेच काढत नाही.

या थंडीत बाबांना खोकला आलाच, पण त्याचं ते रविवार ते बुधवारचं वेळापत्रक राहिलं नाही. मीटर हल्ली त्यांच्याच खोलीत असतो. आकडा शंभरच्या वर गेला की वरून हाक येते, "अरे, एकशे दहा!" आणि मी खाली मशीन बंद करतो.

आत्ताच हाक आलीय. बघतो काय गळतंय ते.