खर्जाची फिर्याद

मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या १९८८ सालच्या ज्या ध्वनिसंग्रहाचे नावच ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ म्हणजे ‘आणि सर्वांस न्याय’ असे आहे, त्याच संग्रहात त्यांच्याच एका वादकाचे वादन जवळजवळ पुसून टाकले गेले, ही गोष्ट इतक्या वर्षांनंतरही मला शांतपणे सांगता येत नाही.

बेळगावात शिकणाऱ्या माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, ती कॅसेट बोरगावास आणली आणि तंबाखूच्या वखारीच्या माळ्यावर, जेथे नुसत्या वासानेच डोळे झोंबत, तेथे आम्ही तिची पारायणे केली. गिटारींचा स्वर करवतीसारखा कोरडा, ढोलांचे आघात टणक, परंतु त्या साऱ्याखाली जी जमीन असावयास हवी ती नव्हती. मी तसे बोलून दाखवताच दादाने निवाडा दिला, “कॅसेटला काय बी झालं न्हाई. तुझ्या टेपचं हेड झिजलंय.” मी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले, पुढे निपाणीस जाऊन ते बदलून घेतले, त्यापायी वडिलांची बोलणी खाल्ली, खर्ज काही उमटला नाही.

दोष टेपचा नव्हताच. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून क्लिफ बर्टन हा त्यांचा बासवादक मृत्यू पावला आणि त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याने बास वाजवला, तो मुद्रित झाला, आणि अंतिम मिश्रणात इतका दाबला गेला की कान देऊन शोधावा लागतो. मिश्रण करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे उघडपणे सांगितले की, ढोलवादक लार्स उल्रिक यांच्या सांगण्यावरून हे घडले. मृत मित्राचा शोक मी समजू शकतो. पण त्या शोकाची वसुली नवागताकडून का व्हावी? वेष्टनावर त्याचे नाव कायम ठेवायचे आणि आवाज तेवढा खारीज करायचा, हा कोणता इन्साफ? २०१८ साली संग्रह नव्याने काढला, तेव्हाही मूळ निकालच कायम राहिला.

३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आम्ही दोघे त्यांना ऐकावयास गेलो. दोनच दिवसांपूर्वी दिल्लीजवळचा त्यांचा कार्यक्रम रद्द झाल्यामुळे रात्रभर बसमध्ये डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याच संग्रहातले ‘वन’ हे गाणे सुरू झाले, न्यूस्टेडनंतरचा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो याचा बास थेट छातीत घुमला, आणि मी दादाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. आजवर बोललेला नाही, आणि हेही मला सलते.

‘सेव्हन्टी टू सीझन्स’ हा त्यांचा संग्रह २०२३ च्या एप्रिलात आला, तेव्हा घरी पुन्हा जुन्या-नव्याचा वाद पेटला. मोबाइलच्या स्पीकरवर कोणत्याही संग्रहाचा फैसला करू नये, कारण त्यातून खर्ज निघतच नाही, एवढे तरी तरुणांनी माझे ऐकावे. वादाच्या भरात पुतण्याने कुणा चाहत्याने बास वाढवून तयार केलेली ‘जस्टिस’ची आवृत्ती मोठ्या स्पीकरवर लावली. ज्या स्वराची मी इतकी वर्षे वाट पाहिली तो भरघोस उमटला, आणि दोन मिनिटांत मी ती बंद करावयास सांगितली; वखारीतला तो कोरडा, पोकळ नाद तीत कोठेच नव्हता. तरीही न्यूस्टेडवर अन्याय झाला, हे म्हणणे मी मागे घेत नाही.