गुरुजींना वास येतो

मुलांनो, आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. शिक्षकांच्या हातून चुका होत नाहीत असं तुम्हांला वाटतं ना? होतात, बरं का! आणि माझी ही चूक तर हातानं नाही, नाकानं केलेली.

मी मूळचा सांगोल्याकडचा, सोलापूर जिल्ह्यातला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी यांवर वाढलेला. आजोबा माळकरी, त्यामुळे घरात मासळीचं नावही निघत नसे. मासा मी पाहिला होता तो विज्ञानाच्या पुस्तकात, कल्ल्यांना बाण दाखवलेला. आणि डी.एड. झाल्यावर नेमणूक कुठे मिळाली, तर थेट रत्नागिरी जिल्ह्यात, हर्णै बंदराजवळच्या एका गावी! वारा फिरला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास पार फळ्यापर्यंत यायचा.

मधल्या सुट्टीत शाळेची खिचडी असे, पण काही मुलं घरून तोंडी लावायला थोडंफार आणत. चौथीतली एक मुलगी रोज स्टीलचा छोटा डबा आणायची. कधी सुकटाची चटणी, कधी बांगड्याचं सुकं. तिनं झाकण उघडलं की मी खिडकी उघडायला जाई. एके दिवशी मी वैतागून बोललोच, "उद्यापासून हा वास वर्गात नको!" सगळी मुलं हसली. तिनं निमूटपणे झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून डबा आला नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुढे जानेवारीत आरोग्य तपासणीसाठी डॉक्टरबाई आल्या. या मुलीचं वजन जूनमध्ये होतं तेवढंच भरलं. वाढत्या वयाच्या मुलीचं वजन सात महिने जागच्या जागी! डॉक्टरबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "काय काय खातेस गं?"

"सकाळी चहा-बटर. शाळेत खिचडी. रात्री भात."

"आणि मासे? तुमच्याकडे तर मासे असतील."

ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई डब्यात द्यायची. पण गुरुजींना वास येतो."

मुलांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, ते तुम्हीच ओळखा.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आई नुकतीच मासळी विकून आली होती. ती पहाटेच पाटी घेऊन गावोगाव जायची, वडील होडीवर. निघण्याआधी ती डबा भरून ठेवायची, कारण रात्री परत येईपर्यंत पोरगी पेंगलेली असायची. म्हणजे तिच्या पोटात धड मासळी जायची ती त्या डब्यातूनच. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. उद्यापासून डबा द्या." ती माऊली रागावली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, वास नासक्या मासळीला. ताज्या मासळीला दर्याचा वास असतो."

मग मी वाचायला बसलो. आणि काय सांगू, ती बोलली ते अगदी बरोबर निघालं. समुद्रातल्या माशांच्या शरीरात एक पदार्थ असतो, त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि मग नाकाला रुमाल लागतो. हा पदार्थ अल्कधर्मी, म्हणून आंबट पडलं की त्याचा वास दबतो. आता सांगा पाहू, कालवणात आमसुलं का घालतात?

दुसरं कोडं शिजवण्याचं. शिजवल्यानं माशातला कस जातो असं काही जण म्हणतात. आम्ही वर्गातच गणित केलं. वाण्याकडून काटा आणला आणि ताईंनी बांगड्याचे तुकडे दिले. कच्चे २०० ग्रॅम भरले, वाफवल्यावर १६० ग्रॅम. पोरं ओरडली, "गुरुजी, ४० ग्रॅम कुठे गेले?" गेलं ते मुख्यतः पाणी. प्रथिने बहुतेक सगळी तिथंच राहिली. कच्च्या बांगड्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे २०० ग्रॅमला ४०. तीच ४० आता १६० ग्रॅममध्ये मावली. मग शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये किती? वहीत करून बघा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. एका मध्यम बांगड्यातून काटे काढून साठेक ग्रॅम कच्चं मांस निघालं, तरी निम्मी गरज भागली!

उष्णतेनं प्रथिनांची घट्ट गुंडाळी सुटते, मग ती पचायला सोपी जातात. जंतू मरतात. शिवाय कित्येक कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा एक पदार्थ असतो, तोही शिजवल्यावर निकामी होतो. काही ब जीवनसत्त्वं आणि क्षार पाण्यात उतरतात हे खरं, पण आपण कालवण भातावर ओतून घेतोच की! खरपूस तळलं तर मात्र पाणी जातं आणि तेल शिरतं. रोज रोज तळलेली तुकडी मागणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तांदळात लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो आणि माशात तो भरपूर. पिढ्यान्पिढ्या कोकणात मासे-भात खातात, तो असा जमून आलेला जोडा आहे. शिवाय ब-१२, ड जीवनसत्त्व, आयोडीन. बांगडा आणि तारलीच्या चरबीत ओमेगा-३ असतं, ते मेंदूच्या आणि डोळ्यांच्या बांधणीला लागतं. पालकांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. महागड्या पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त बांगड्यात प्रथिने काही कमी नसतात. आणि ती सुकट, जिला मी नाक मुरडलं, ती म्हणजे वाळवलेला जवळा. पाणी उडून गेल्यामुळे तिच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनेच असतात, आणि ती कवचासकट खातात म्हणून चुनाही पोटात जातो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घराघरांतून हीच उपयोगी पडते. खाऱ्या मासळीत मात्र मीठ फार, ती भिजवून, पाणी फेकून शिजवावी.

बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात तसेच पडून राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते कितीही उकळलं तरी जात नाही, त्यानं अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. म्हणून ताई आधी माशाचे डोळे बघतात, लाल कल्ले बघतात, मग बोटानं दाबून बघतात. खड्डा पडून राहिला तर तो मासा त्यांच्या पाटीत जात नाही. काहींना मासळीची ॲलर्जी असते, त्यांनी मात्र लांबच राहावं.

माझ्यासारखे न खाणारेही तुमच्यात असतीलच. मी अजूनही मासे खात नाही. माझी डाळ, उसळ, दूध चालू आहे, आणि ब-१२साठी दूध-दह्याकडे मी जरा जास्त लक्ष देतो, कारण ते भाजीपाल्यात नसतं.

डबा मात्र पुन्हा यायला लागला. एप्रिलमध्ये मी स्वतः तिचं वजन केलं, तर सव्वा किलोनं वाढलेलं! परवा तिनं झाकण उघडलं, आत बांगड्याचं सुकं होतं. माझ्याकडे बघत ती मिस्कीलपणे म्हणाली, "गुरुजी, खिडकी उघडू?"

"नको," मी म्हटलं, "पंख्याचा वारा आहे तेवढा पुरे."