आत्याचं तिकीट

मुलांनो, एक कोडं घालतो. सवलतीचं तिकीट मिळायला कार्ड लागतं आणि ते कार्ड आणायला पूर्ण तिकीट काढावं लागतं. असा प्रवासी कोण?

माझी आत्या! मी शिरूरचा, ती दौंडची. लहानपणी पोलिओनं तिचा पाय अधू झाला. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असलं, की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. पण आधी तपासणी. दौंडहून रेल्वेनं पुणं, मग रिक्षा, मग रांग. "आज डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या." असे तीन बुधवार गेले!

कार्ड मिळाल्यावर आत्या एसटीनं शिरूरला आली. म्हणाली, "बघ, जगातलं सगळ्यात महाग स्वस्त तिकीट!"

रात्री विषय निघाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. २०२३ साली अनुदान महिना १,५०० रुपये झालं. २०२५ साली सरकारनं दिव्यांगांसाठी ते २,५०० करायचं ठरवलं. अट एक, दिव्यांगाच्या घरचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं.

बाबा म्हणाले, "अट हवीच. नाहीतर गरजूचा घास दुसराच पळवेल."

"खरंय दादा. पण शिवणकामातून महिना साडेचार हजार मिळाले, तर?"

मी मनात गुणाकार केला. ५४ हजार! म्हणजे अनुदान बंद.

"मग मशीन बंद ठेवू का?" आत्यानं विचारलं. बाबा गप्पच झाले.

मला वाटतं, अट असावी, पण कष्टाला दंड नसावा. तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना आईबाबांना विचारा बरं!